बेंजो, गिटार आणि पायाखालची पेटी : वादकांच्या इफेक्ट पेडल-पसंतीचे आकलन
(कर्जत-खालापूर परिसरातील ठाकुरवाडीच्या संदर्भात)

सारांश : गिटार, बेस गिटार व विद्युत बेंजो वाजविणारे वादक ध्वनीत बदल घडवून आणण्यासाठी 'पेडल' नावाच्या छोट्या विद्युत पेट्यांचा वापर करतात. कोणती पेटी घ्यावी, ती कोणत्या क्रमाने जोडावी याविषयीच्या वादकांच्या पसंतीकडे सहसा केवळ हौस म्हणून पाहिले जाते. वाद्याची रचना, वादनाची जागा, वीजपुरवठा, लय आणि उपजीविका यांतून ही पसंती घडते व तिच्यात अनुभवसिद्ध ज्ञान सामावलेले असते, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजशब्द : बेंजो, इफेक्ट पेडल, विरूपण, डिले, बेस गिटार, ध्वनिनियमन, ठाकुरवाडी.

१. प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात, कर्जत व खालापूर तालुक्यांत, डोंगरांच्या पायथ्याशी आणि उतारांवर ठाकूर व कातकरी समाजाच्या अनेक वाड्या आहेत. ठाकुरवाडी हे नाव येथे एकाहून अधिक ठिकाणी आढळते. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गावरही पळसदरी, जांबरुंग यांच्यानंतर ठाकुरवाडी हे नाव येते. मुंबई-पुणे गाड्यांतील प्रवाशांना ते नाव क्षणभर दिसते व मागे पडते. अशाच एका ठाकुरवाडीत एका हळदीच्या कार्यक्रमाला प्रस्तुत लेखक उपस्थित होता. मांडवाच्या कडेला बेंजो पार्टी बसली होती. बेंजोवादकाच्या पायाशी दोन लहान पेट्या होत्या आणि गाणे बदलले की त्याचा अंगठा त्यांतील एका पेटीवर पडत असे. कार्यक्रमानंतर या पेट्यांविषयी विचारले असता त्याने दिलेले उत्तर या लेखाचे निमित्त ठरले. तो म्हणाला, "सर, बेंजोचा सूर लगेच मरतो. डिले नसला तर बोटं दुप्पट चालवावी लागतात. रात्रभर कोण चालवणार?"

या उत्तरात ध्वनिशास्त्र आहे, शरीरश्रमाचा हिशेब आहे आणि व्यवसायाची गरजही आहे. तरीही संगीताच्या अभ्यासक्रमांत रागदारी, नाट्यसंगीत, लोकसंगीत यांना स्थान मिळते; परंतु वीजेवर चालणाऱ्या या साधनांची चर्चा क्वचितच होते. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात हीच साधने वापरणारे आपले विद्यार्थी आपल्यासमोर असतात. त्यांच्या या ज्ञानाची दखल आपण घेत नाही, ही उणीव लक्षात घेऊन प्रस्तुत लेखात या विषयाची प्राथमिक मांडणी केली आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

१) इफेक्ट पेडलचे मुख्य प्रकार व त्यांचे कार्य सोप्या भाषेत स्पष्ट करणे.
२) गिटार, बेस गिटार व बेंजो या तीन वाद्यांच्या गरजा वेगळ्या का आहेत हे सांगणे.
३) वादकांच्या पसंतीमागील भौतिक, आर्थिक व सामाजिक कारणांचा विचार करणे.

३. बेंजो : नावाचा व वाद्याचा प्रवास

महाराष्ट्रात ज्याला बेंजो किंवा बँजो म्हटले जाते, त्याचा अमेरिकेतील चामडे मढविलेल्या बँजोशी रचनेच्या दृष्टीने संबंध नाही. १९१२ मध्ये जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी 'ताइशोगोतो' हे वाद्य तयार केले. टंकलेखन यंत्रासारखी बटणे दाबली की ती तारेवर पडतात व सुराची उंची ठरते; दुसऱ्या हाताने तार छेडली जाते. हेच वाद्य भारतात 'बुलबुल तरंग' या नावाने रुळले, तर बलुचिस्तानात 'बेंजू' म्हणून स्थिरावले. मुंबई व कोकणपट्टीत त्याला पिकअप बसविण्यात आला, ध्वनिवर्धकाची जोड मिळाली आणि लग्न, हळद, गणपती, गोविंदा यांच्या मिरवणुकांत ते अग्रभागी आले. २०१६ मध्ये रवी जाधव दिग्दर्शित 'बँजो' या हिंदी चित्रपटामुळे या वादकांचे जग मोठ्या पडद्यावर आले.

या वाद्याची तीन वैशिष्ट्ये येथे महत्त्वाची आहेत. पहिले, छेडलेला सूर अल्पकाळ टिकतो. दुसरे, बटणांमुळे सुरांच्या जागा ठरलेल्या असतात. त्यामुळे सतारीसारखी मींड घेणे कठीण जाते. तिसरे, एकाच सुरात लावलेल्या एकाहून अधिक तारा एकत्र वाजतात व काही रचनांत साथीच्या तारा सतत झंकारत राहतात. बेंजोवादकाची पेडलविषयीची पसंती या तीन गोष्टींपासून सुरू होते.

४. इफेक्ट पेडल : संकल्पना व प्रकार

वाद्याच्या पिकअपमधून निघणारा विद्युतसंकेत ध्वनिवर्धकापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्यात बदल करणारी पेटी म्हणजे इफेक्ट पेडल होय. दोन्ही हात वाद्यावर गुंतलेले असल्याने ती पायाने चालू-बंद केली जाते. कार्याच्या दृष्टीने तिचे पुढील प्रमुख गट करता येतील.

(अ) विरूपण करणारी पेडल : संकेताची उंची ठराविक मर्यादेपलीकडे गेली की त्याचा माथा कापला जातो. त्यामुळे मूळ सुरात नसलेले उपस्वर निर्माण होतात व आवाज खरखरीत, भरीव वाटतो. या परिणामाचा इतिहास मनोरंजक आहे. १९६१ मध्ये गाजलेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गीताच्या ध्वनिमुद्रणात यंत्रणेतील बिघाडामुळे ग्रेडी मार्टिन यांच्या सहा तारी बेस गिटारचा आवाज फाटला. तो बिघाडच लोकांना आवडला. १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने 'माएस्ट्रो फझ-टोन' ही पेटी बाजारात आणली आणि १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गीतानंतर तिला मोठी मागणी आली. १९६९ चे 'बिग मफ' आणि १९७९ चे 'ट्यूब स्क्रीमर' ही याच परंपरेतील पुढची नावे होत.

(आ) काळावर आधारित पेडल : डिले व रिव्हर्ब यांचा येथे समावेश होतो. १९५९ च्या 'एकोप्लेक्स' व १९७४ च्या रोलंड 'स्पेस एको' या यंत्रांत चुंबकीय फितीचा वापर होत असे. १९८३ मध्ये बॉस कंपनीने 'डीडी-२' या छोट्या पेडलमध्ये अंकीय पद्धतीचा डिले आणला.

(इ) तरंगांच्या सरमिसळीवर आधारित पेडल : कोरस, फेजर, फ्लँजर ही त्याची उदाहरणे होत. मूळ संकेतात त्याचीच किंचित बदललेली प्रत मिसळली जाते. १९७६ चे बॉस 'सीई-१' हे कोरसचे गाजलेले उदाहरण आहे.

(ई) पातळी व स्वरपट्टा नियंत्रित करणारी पेडल : कंप्रेसर, इक्वलायझर, वा-वा व ऑक्टेव्ह ही या गटात येतात. यांपैकी ऑक्टेव्ह पेडल मूळ सुराला खालच्या किंवा वरच्या सप्तकातील सुराची जोड देते.

५. वाद्यानुसार बदलणारी पसंती

५.१ गिटार : गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ८२ हर्ट्झ वारंवारतेवर लावली जाते. एकल वादनासाठी गिटारवादक मध्यम स्वरपट्टा उठावदार करणारे ओव्हरड्राइव्ह पसंत करतात. 'ट्यूब स्क्रीमर' पद्धतीच्या मंडलात सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग विरूपणापूर्वी कमी केला जातो. त्यामुळे ड्रम व बेस यांच्या गर्दीतही गिटार वेगळी ऐकू येते. खोलीत एकट्याने ऐकताना हाच आवाज काहीसा नाकात बोलल्यासारखा वाटतो. एखादे पेडल दुकानात आवडत नाही आणि मंचावर आवडते, याचे एक कारण हे आहे.

५.२ बेस गिटार : बेसची खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर असते. गिटारसाठी बनविलेले ओव्हरड्राइव्ह जसेच्या तसे बेसला लावले तर तिचा पायाच निघून जातो. म्हणून बेसवादक मूळ स्वच्छ संकेत व विरूपित संकेत यांचे मिश्रण करण्याची सोय असलेली पेडल पसंत करतात. कंप्रेसर हेही त्यांचे आवडते साधन आहे, कारण बोटांच्या कमीअधिक जोरामुळे होणारी सुरांची चढउतार ते आवरते.

येथे श्रवणशास्त्रातील एक तत्त्व उपयोगी पडते. मूळ वारंवारता ऐकू येत नसली, पण तिचे उपस्वर ऐकू येत असले, तर मेंदू मूळ सुराची जाणीव स्वतः भरून काढतो. मिरवणुकीतील कर्ण्यांमधून सुमारे तीनशे हर्ट्झच्या खालचा ध्वनी फारसा बाहेर पडत नाही. अशा कर्ण्यावर स्वच्छ बेस जवळजवळ हरवते. मात्र थोड्या विरूपणाने उपस्वर वाढविले की तिची चाल ओळखू येते. साध्या कर्ण्यावर वाजविणारा बेसवादक आवाज थोडा 'फाडून' घेतो, तेव्हा ते अभिरुचीच्या अभावाचे लक्षण मानण्याचे कारण नाही.

५.३ बेंजो : बेंजोवादकाची पहिली गरज सूर लांबविण्याची असते. म्हणून डिले व रिव्हर्ब यांना तो अग्रक्रम देतो. कोरसबाबत मात्र वेगळी स्थिती दिसते. एकाच सुरातील अनेक तारांमध्ये किंचित फरक असतोच. त्यामुळे वाद्यात नैसर्गिक कोरस आधीच असतो. त्यावर आणखी कोरस चढविला की वाद्य बेसूर भासू लागते.

विरूपणाबाबत अधिक सावधगिरी लागते. दोन सूर एकाच वेळी विरूपित झाले की त्यांच्या वारंवारतांची बेरीज व वजाबाकी असलेले नवे सूर उत्पन्न होतात. २०० व ३०० हर्ट्झचे सूर, म्हणजे षड्ज-पंचमाचे नाते, घेतल्यास १०० व ५०० हर्ट्झ मिळतात. हे मूळ सुरांशी जुळणारे आहेत. परंतु २०० व २२५ हर्ट्झ, म्हणजे षड्ज-ऋषभाचे नाते, घेतल्यास २५ व ४२५ हर्ट्झ मिळतात आणि गोंगाट वाटतो. म्हणून ओव्हरड्राइव्ह लावताना साथीच्या तारा दाबून ठेवणे शहाणपणाचे ठरते. हे गणित न मांडताही वादकाचा हात आपसूक तारेवर जातो.

६. जागा, लय आणि डिले

बंद सभागृहात भिंतींवरून परतणारा ध्वनी सुराला भरीवपणा देतो. उघड्या मैदानात तो मिळत नाही. म्हणून मांडवात वाजविणाऱ्याला कृत्रिम प्रतिध्वनीची गरज अधिक भासते. डोंगराच्या कुशीतील वाडीत मात्र स्थिती पुन्हा बदलते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला, तर साठ मीटरवरील कड्यावरून परतणारा आवाज सुमारे ०.३५ सेकंदाने कानी येतो. पेडलचा डिले आणि डोंगराचा डिले एकमेकांत मिसळले की सुरांचा चिखल होतो. अशा ठिकाणी पुनरावृत्तींची संख्या कमी ठेवावी लागते.

लयीचा संबंधही तितकाच जवळचा आहे. कोळीगीतांत व हळदीच्या गाण्यांत सहा मात्रांची लय पुष्कळदा येते. सहा मात्रांचे आवर्तन १.२ सेकंदाचे असेल, तर एक मात्रा २०० मिलिसेकंदांची होते. डिले २००, ४०० किंवा ६०० मिलिसेकंदांवर ठेवल्यास प्रतिध्वनी मात्रेवर पडतो; ३०० वर ठेवल्यास तो दोन मात्रांच्या मधोमध पडून ठेका डळमळल्यासारखा वाटतो. गाण्याची गती वाढली की हा हिशेबही बदलतो. त्यामुळे पायाने ठोका देऊन काळ निश्चित करता येणारी, म्हणजे टॅप टेम्पोची सोय असलेली पेडल मिरवणुकीत वाजविणाऱ्यांना अधिक उपयोगी वाटतात.

७. जोडणी, वीज व हवामान

पेडलांचा क्रमही ध्वनी ठरवितो. सर्वसाधारणपणे वा-वा व कंप्रेसर आधी, त्यानंतर विरूपण, मग कोरस आणि शेवटी डिले व रिव्हर्ब असा क्रम स्वीकारला जातो. डिले आधी व विरूपण नंतर ठेवल्यास प्रत्येक प्रतिध्वनीही विरूपित होतो आणि मूळ सुराइतकाच पुढे येतो. काही वादक हा परिणाम मुद्दाम घेतात. परंतु द्रुत गाण्यात तो अडचणीचा ठरतो.

पिझो प्रकारचा पिकअप असल्यास पहिल्या पेटीचा निविष्टी-रोध पुरेसा मोठा, साधारणतः एक मेगाओहम किंवा त्याहून अधिक असावा लागतो. तसे नसल्यास खालचे सूर क्षीण होऊन आवाज पत्र्यासारखा येतो. 'हा बॉक्स बेंजोला बसत नाही' या तक्रारीचे मूळ अनेकदा पेटीच्या दर्जाऐवजी या विसंगतीत असते.

बहुतेक पेडल नऊ व्होल्टच्या एकदिश विद्युतप्रवाहावर चालतात. एकाच अडॅप्टरवरून अनेक पेट्या जोडल्या, विशेषतः त्यांत अंकीय पेटी असली, तर गुणगुण शिरते. जनरेटरवर हा त्रास वाढू शकतो. पृथक् वीजपुरवठा हा त्यावरील उपाय असला तरी त्यासाठी वेगळा खर्च करावा लागतो. पावसाळ्यात येथील दमट हवेने जोडणीच्या खोबण्या गंजतात, तर जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असलेली जुन्या पद्धतीची फझ पेडल उन्हाळ्याच्या उष्णतेत आपला स्वभाव बदलतात. परदेशी संग्राहकांना प्रिय असलेली पेटी वैशाखातील मांडवात भरवशाची ठरेलच असे नाही. म्हणून येथे पसंती ठरविताना टिकाऊपणा, सहज दुरुस्ती आणि दुसऱ्याकडून वेळेला उसनी मिळण्याची शक्यता यांना ध्वनीइतकेच महत्त्व येते.

८. सुटी पेडल की एकत्रित प्रोसेसर

अनेक परिणाम एकाच पेटीत देणारा प्रोसेसर आणि एकेक परिणामाची सुटी पेडल, यांविषयी वादकांत कायम मतभेद दिसतात. प्रोसेसर तुलनेने स्वस्त पडतो, एकाच वायरवर चालतो व प्रत्येक गाण्यासाठी आवाज साठवून ठेवता येतो. उलट, सुट्या पेडलची खुंटी अंधारातही हाताला लागते. एक पेटी बिघडली तरी बाकीच्या चालू राहतात आणि पैसे जमतील तसा संच वाढविता येतो.

लग्नसराईच्या मिळकतीवर अवलंबून असलेल्या वादकासाठी हा प्रश्न भांडवली गुंतवणुकीचा असतो. मुंबईत १८६५ पासून चालत आलेल्या फर्टाडोजसारख्या दुकानांपर्यंत कर्जतहून लोकलने जाता येते; परंतु तेथे पेटी वाजवून पाहण्याचा संकोच ओलांडणे हाही एक प्रवास असतो. ठाकुरवाडीतील उपरोक्त वादकाने दोन्ही पेट्या एका ज्येष्ठ वादकाकडून वापरलेल्या स्थितीत घेतल्या होत्या. त्यांच्यासोबत खुंट्यांच्या जागाही त्याला मिळाल्या. पेटीवर पांढऱ्या रंगाने केलेल्या खुणा त्याने तशाच ठेवल्या होत्या. पेटीबरोबर अशा प्रकारे ज्ञानही हस्तांतरित होते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात अभिरुचीचा संबंध सामाजिक स्थानाशी जोडला. हा विचार येथे अंशतः लागू पडतो. कोणता ब्रँड पायाशी आहे यावरून वादकाची प्रतिष्ठा ठरविली जाते, हे खरे. तथापि, वरील विवेचनात दिसलेली पसंती केवळ प्रतिष्ठेने स्पष्ट होत नाही. वाद्याचा धर्म, डोंगराचे अंतर व लयीचा हिशेब हे घटक सामाजिक स्थानापासून स्वतंत्रपणे आपला प्रभाव दाखवितात.

९. मोठा आवाज की भरीव आवाज

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यास, शासनाने सवलत दिलेले मोजके दिवस वगळता, मनाई आहे. सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा दहा डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये. मुंबईत रॉक संगीताचे केंद्र असलेले रंगभवन शांतता क्षेत्रात आल्यामुळे या नियमांनंतर तेथील मैफली थांबल्या. त्याच काळात मिरवणुकांत प्रचंड ध्वनिभिंतींचा डीजे आला आणि बेंजो पार्ट्यांना त्याच्याशी स्पर्धा करावी लागली.

या स्पर्धेत आवाज वाढविणे हा बेंजोवादकाचा मार्ग असू शकत नाही. दहा डेसिबल वाढीसाठी दहापट शक्ती लागते, पण कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. उलट, योग्य डिले, माफक कंप्रेशन व स्वरपट्ट्याची नीट वाटणी यांमुळे कमी पातळीवरही ध्वनी भरलेला वाटू शकतो. पेडल म्हणजे गोंगाटाचे यंत्र हा समज म्हणूनच तपासून पाहावा लागतो. विचारपूर्वक वापरल्यास तेच साधन मर्यादेत राहून वाजविण्यास मदत करते, आणि मर्यादेत राहून वाजविता येणे यावर या वादकांची रोजी अवलंबून आहे.

१०. निष्कर्ष

१) इफेक्ट पेडलविषयीची पसंती वाद्याच्या रचनेशी निगडित आहे. गिटारसाठी उत्तम ठरलेली पेटी बेस किंवा बेंजोसाठी उत्तम असेलच असे नाही.
२) वादनाची जागा, ध्वनिक्षेपकाचा प्रकार, लय व हवामान हे पसंतीचे निर्णायक घटक आहेत.
३) किंमत, दुरुस्ती व उसनवारीची शक्यता यांमुळे ग्रामीण व आदिवासी भागातील वादकांची निवड वेगळी होते. तिला निकृष्ट अभिरुची समजणे योग्य नाही.
४) हे ज्ञान मुख्यतः मौखिक व हस्तांतरित स्वरूपाचे आहे. पदार्थविज्ञान, संगीत व समाजशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे त्याची नोंद करणे शक्य आहे. तारांची वारंवारता व डिलेचा काळ मोजण्याचे प्रात्यक्षिक पदवी स्तरावरील प्रयोगशाळेतही घेता येईल.

हळद आटोपल्यावर त्या वादकाने पेट्या गोणपाटात गुंडाळल्या आणि आपल्या धाकट्या भावाच्या हाती दिल्या. तो भाऊ जवळच्याच एका महाविद्यालयात प्रथम वर्षात शिकत होता. डिलेचा काळ मिलिसेकंदांत कसा सांगायचा हे त्याला वर्गात कोणी विचारले नव्हते. खुंटी कोठे ठेवायची हे मात्र त्याला पक्के ठाऊक होते. या दोन ज्ञानांची गाठ घालून देणे हे अध्यापकांचे काम आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.